निळ्या दोऱ्याची बाटली

“ताप व्हटावर उतलाय तुज्या, बाई. खपली पडंतवर लेकराचा मुका घिऊ नगंस.”

केराबाई हे बोलली तेव्हा वच्छला खळ्याच्या कडेला कडब्याच्या पेंढीवर बसली होती आणि साडेतीन वर्षांची कुंदा तिच्या मांडीवर उलटीसुलटी होत होती. अठ्ठ्याहत्तर सालचा माघ सरत आला होता. अक्कलकोट रस्त्याला वच्छलाच्या सासऱ्यांचं, आबासाहेबांचं, सात एकर रान. ज्वारीची मळणी उरकली की दरवर्षी ते धनगरांची मेंढरं रानात बसवून घेत. चार रात्री मेंढरं बसली की त्यांच्या लेंडीखतानं जमीन वर्षभर पुरेल एवढी जेवते, असं आबांचं म्हणणं. त्या साली सांगोल्याकडच्या बिरप्पाचा वाडा उतरला होता. धनगरांचा वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं असा सगळा चालता संसार. केराबाई ही बिरप्पाची आई.

वच्छला सोलापुरातच वाढलेली, बी. ए. झालेली. नवरा धोंडीराम कचेरीत कारकून, बिऱ्हाड सात रस्त्याजवळ दोन खोल्यांचं. पण सासूबाई गेल्यापासून सुगीत आबांच्या भाकरीची आबाळ व्हायची, म्हणून ती पंधरा-वीस दिवस कुंदाला घेऊन वस्तीवर येऊन राही. त्या वर्षी आल्या आल्या तिला दोन दिवस कणकण आली आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठला. हे तिला लहानपणापासूनचं. परीक्षा जवळ आली की ओठ उतायचा, निकाल लागायच्या आत खपली पडायची. त्याचं तिला काही वाटत नसे.

मुका घेतल्यानं काय होतं आजी, असं तिनं विचारलं. केराबाईनं सांगितलं की कोकराचा ओठ असा उतला तर ते लोक त्याला कळपातून काढतात, वेगळं बांधतात, दुसऱ्या कोकराच्या तोंडाला त्याचं तोंड लागू देत नाहीत. मेंढराचं तेच माणसाचं.

“म्हणजे मी मेंढी झाले की,” वच्छला म्हणाली, आणि हसत हसत म्हातारीच्या देखत तिनं कुंदाच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक मुका घेतला.

कुंदा खिदळली. केराबाई हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि “शिकल्याली हायेस तू, आमी काय सांगावं,” म्हणत ती मेंढरांकडे निघून गेली.

त्यात टोमणा नव्हता. पुढे पुष्कळ दिवस वच्छलाला वाटत राहिलं की टोमणा असता तर बरं झालं असतं. निदान तो टोचला असता, आणि टोचलेलं ध्यानात राहतं.

आबांचं रान झालं की शेजाऱ्याचं, मग त्याच्या शेजाऱ्याचं, असं करत वाडा त्याच शिवारात फिरत होता. बिरप्पाची बायको बाळाबाई वच्छलाच्याच वयाची. कडेवर पाच महिन्यांचं पोर, मागे बाणू नावाची पाच वर्षांची मुलगी. बाणू आणि कुंदा यांचं असं जमलं की सकाळी डोळे उघडल्यापासून कुंदाच्या तोंडी बाणूच. दोघी लोकरीच्या पुंजक्यांच्या बाहुल्या करत. एकच गुळाचा खडा आळीपाळीनं चघळत. वच्छला दोघींची नाकंतोंडं एकाच पदरानं पुसायची. आपण शिकलेल्या असूनही धनगराच्या पोरीला जवळ घेतो, याचं तिला आत कुठंतरी बरंही वाटत असे. खरं ते सांगायला हवं.

आठव्या दिवशी कुंदाच्या डाव्या पापणीवर मोहरीएवढे चार फोड आले आणि डोळा लाल झाला. पाणी गळायला लागलं. बाळाबाईनं बघितलं आणि म्हणाली, “आन हिकडं, दुदाची धार सोडते डोळ्यात.” अंगावरच्या दुधाची धार दुखऱ्या डोळ्यात सोडायची त्यांच्यात रीतच आहे. वच्छलाच्या आईनंही तिच्या लहानपणी कुणाकडून तरी सोडवून घेतली असेल. पण वच्छलानं मान हलवली. आता असलं कोण करतं? घरात औषध होतं.

आबांचं आदल्या दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा मिळालेली थेंबांची बाटली अर्धी उरली होती. तपकिरी काचेची, लाल रबरी टोपीची, करंगळीएवढी. हरवू नये म्हणून आबांनी तिच्या गळ्याला निळा दोरा बांधून ती खुंटीला टांगली होती. ऑपरेशन करणाऱ्यांनी पंधरा दिवसांनी ती टाकून द्यायला सांगितलं होतं. पण औषध ही काय टाकायची वस्तू आहे, असं आबांचं मत.

वच्छलानं बाटली उन्हात धरून इंग्रजी अक्षरं वाचली. डोळ्यासाठी आहे. मुदत संपायला सात महिने आहेत. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे. तेही तिनं वाचलं, आणि डॉक्टरांनीच तर दिलंय, आबांना, असा विचार केला. शिकलेल्या माणसाला वाचता येतं, एवढंच. वाचलेलं कुणासाठी लिहिलंय ते कळतंच असं नाही.

दिवसातून चार वेळा एकेक थेंब. दुसऱ्या दिवशी लाली निम्म्यावर आली. चौथ्या दिवशी डोळा पांढरा स्वच्छ. आबा कौतुकानं म्हणाले, “सूनबाई, तू डाक्टरच व्हायचीस बग.”

आणि त्याच दिवशी दुपारी बाळाबाई बाणूला घेऊन आली. उजव्या पापणीवर तसेच फोड, तसाच लाल डोळा. वच्छलानं विचारसुद्धा केला नाही. खुंटीवरची बाटली काढली, बाळाबाईच्या तळहातावर ठेवली आणि पापणी खाली ओढून थेंब कसा सोडायचा ते करून दाखवलं. बाणू शहाणी पोर. रडली नाही. थेंब गार लागला म्हणून हसली.

“तुमालाच लागंल की,” बाळाबाई म्हणाली.

“आमची बरी झाली. घेऊन जा. संपेपर्यंत घाल.”

संपेपर्यंत. हा शब्द वच्छलानं स्वतःच्या तोंडानं उच्चारला.

बाळाबाई घेऊन काही देणार नाही असं कसं होईल? तिनं काळ्या लोकरीचा धागा मांडीवर वळला आणि कुंदाच्या मनगटात बांधला, दृष्ट लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी उजाडताना वाडा हलला. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, एका घोड्यावर गाठोड्यांच्या मध्ये बसलेली बाणू. वैरागच्या अंगाला जाणार, तिथून पुढं बघू, असं बिरप्पा आबांना सांगून गेला.

तीनच दिवसांनी वच्छला सोलापूरला परतली आणि कुंदाचं वागणं बदललं. खिडकी उघडली की ती तोंड फिरवी. अंगणात न्यावी तर आईच्या खांद्यात डोळा खुपसून घेई. डोळा तसा लाल नव्हता, म्हणून धोंडीराम म्हणाला, लाड आहेत. वच्छलानं तिला उजेडाकडे धरून पापणी उचलली. बुबुळावर धुरकट ठिपका होता. काचेवर कुणी श्वास सोडावा तसा.

डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी पिवळ्या कागदाची पट्टी कुंदाच्या पापणीत टेकवली, दारं लावून घेतली आणि निळ्या दिव्यात पाहिलं. मग वच्छलालाही बोलावून भिंगातून दाखवलं. बुबुळावर हिरवी, चमकती रेघ होती, फाटे फुटलेली. वाळलेल्या बाभळीची फांदी चितारावी तशी.

“हर्पीस,” डॉक्टर म्हणाले. “ओठावर उततो ना ताप, तोच विषाणू. घरात कुणाला येतो का?”

वच्छलानं ओठ आत घेतला. खपली पडून गेली होती, तरी तिला तिथे आग झाल्यासारखं वाटलं. तिनं सगळं सांगितलं. केराबाई, कोकरू, दोन्ही डोळ्यांवरचे मुके. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, म्हातारीचं बरोबर होतं. पण हा विषाणू निम्म्या गावाच्या अंगात झोपलेला असतो, त्यात कुणाचं पाप नाही. ओठ उतलेला असेल तेवढे दिवस मुलांपासून तोंड लांब ठेवावं, हात धुवावेत, पंचा वेगळा ठेवावा, एवढंच.

“पण नुसत्यानं इतकं आत जात नाही. डोळ्यात काय घातलंत?”

आबांच्या ऑपरेशनच्या बाटलीवरचं नाव सांगताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“त्यातलं औषध सूज आणि लाली मारतं, बाई. आबांना ऑपरेशननंतर तेच हवं होतं. पण लाली म्हणजे राखणदार. तुम्ही राखणदाराला झोपवलं आणि ढोरं उभ्या पिकात सोडली. वरून शेत शांत दिसतं. उरलेली बाटली उद्या आणून द्या, मी फोडून टाकतो.”

“नाहीये माझ्याकडे. दिली.”

“कुणाला?”

कुंदा टेबलावरच्या चष्म्याशी खेळत होती. वच्छलानं बाणूचं नाव सांगितलं. पाच वर्षांची आहे, तिलाही अगदी असंच झालं होतं, हेही सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा कुंदाच्या हातून हलकेच सोडवून घेतला.

मग त्यांनी औषध लिहून दिलं. आय.डी.यू. नावाचे थेंब. या विषाणूला वाढू न देणारं त्या वेळी तेवढंच औषध मिळत होतं, आणि सोलापुरात ते एका दुकानात, तेही तिथल्या फ्रिजमध्ये. दिवसा दर तासाला एक थेंब, रात्री झोपताना त्याचंच मलम. बाटली थंडच राहिली पाहिजे. थेंब घालण्याआधी आणि घातल्यावर हात साबणानं धुवायचे. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. बरोबर दुसरं काही घालायचं नाही, बोरिकचं पाणीसुद्धा नाही. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही आणि भीती वाटते म्हणून तीन आठवड्यांपुढे न्यायचं नाही, कारण हे औषध विषाणूला मारता मारता बुबुळालाही चावतं. तिसऱ्या दिवशी दाखवायला आणायचं.

वच्छला उठली आणि पुन्हा बसली. दोन बाटल्या लिहून द्या, म्हणाली. एक मी त्या मुलीला पोचवते, कसंही करून.

डॉक्टरांनी मान हलवली. “मी तिचा डोळा पाहिलेला नाही. न पाहता औषध देणं, बाई, हेच तर तुम्ही केलंत.”

हे त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं की वच्छलाला रडताही आलं नाही. त्यांनी एक चिठ्ठी मात्र लिहिली, वाटेतल्या कुठल्याही डॉक्टरच्या नावे: या मुलीला अमुक औषध घातलं गेलं आहे, हर्पीसचा संशय आहे, ते टप्प्याटप्प्यानं की एकदम थांबवायचं ते डोळा पाहून ठरवा आणि आय.डी.यू. सुरू करा. वच्छलानं घरी जाऊन त्या चिठ्ठीच्या सहा नकला केल्या.

पण जायचं कसं? दर तासाला थेंब. घरात फ्रिज नाही. कुंदाच्या दुधासाठी घेतलेला थर्मास होता. त्यात रोज सकाळी बर्फाचे खडे भरायचे, बाटली फडक्यात गुंडाळून वर ठेवायची, झाकण लावायचं. शेजारपाजारच्या बायका चेष्टा करायच्या की वच्छलाबाईंचं बाळ थर्मासात निजतं. नवऱ्याचं घड्याळ तिनं मनगटात बांधलं आणि कुंदाच्या पाटीवर दर थेंबाला एक फुली मारायला सुरुवात केली. कुंदा आधी आकांत करी. मग लोकरीच्या बाहुलीच्या डोळ्यात पाण्याचा थेंब सोडायचा आणि नंतर कुंदाच्या, असं ठरलं. बाहुली बाणूनं केलेली होती. तिला उजवा डोळाच नव्हता, तिथली लोकर उसवली होती. वच्छलानं पहिल्याच दिवशी तिथे काळ्या दोऱ्याची गाठ मारली.

सकाळचा मिलचा भोंगा झाला की पहिली फुली. दिवेलागणीची शेवटची. मधल्या प्रत्येक तासाला, थेंब घालताना, तिच्या मनात दुसरी एक पापणी खाली ओढली जाई आणि दुसरा एक थेंब पडे. ती एका डोळ्यात औषध घालत होती आणि त्याच क्षणी दुसऱ्या डोळ्यात, कुठल्यातरी माळावर, तिच्याच हातचं विष पडत होतं. हे ती धोंडीरामाला बोलली. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाला, रविवारी जाऊन येतो.

रविवारी तो पहिल्या एस.टी.नं वैरागला गेला. वाडा दोन दिवसांपूर्वीच पुढं गेला होता. त्यानं दोन चिठ्ठ्या ठेवल्या, एक चहाच्या हॉटेलात आणि एक तिथल्या डॉक्टरकडे, आणि संध्याकाळी पायावर धूळ घेऊन परत आला. “माळ लई मोठा हाय गं,” एवढंच म्हणाला. शहरात आल्यापासून तो गावचं बोलायचं टाळी. त्या दिवशी टाळलं नाही.

बाराव्या दिवशी बाभळीची फांदी मिटली. डॉक्टरांनी अजून चार दिवस थेंब चालू ठेवायला सांगितले आणि सोळाव्या दिवशी औषध बंद केलं. वच्छला म्हणाली, आणखी आठ दिवस घालू का, जिवाला बरं वाटेल. कुणाच्या जिवाला, डॉक्टरांनी विचारलं. मग समजावलं की औषध लागतं तेवढंच द्यायचं, आईच्या भीतीला औषध नाही. बुबुळावर पुसट ढग राहिला होता. तो कदाचित जाईल, कदाचित राहील. पुढे ताप आला, डोळा खुपला, तर घरात काहीही न घालता तडक यायचं. नजर मात्र वाचली होती. उजवा डोळा झाकल्यावर कुंदानं भिंतीवरच्या तक्त्यातली गाय ओळखली आणि खालच्या शेळीवर बोट ठेवून “बाणूची मेंढी” म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी कुंदाला शेजारी ठेवून वच्छला स्वतः वैरागला गेली. बाजाराचा दिवस होता. लोकर, दोर, घोंगड्या विकायला बसणाऱ्या धनगरणींच्या ओळीत ती एकेकीपुढे बसत गेली. पाचवी गोजरबाई नावाची निघाली. तिला बाणू ठाऊक होती. पाडव्याच्या आधी येरमाळ्याच्या बाजूला दोन्ही वाडे एकाच विहिरीवर उतरले होते.

“त्या पोरीच्या डोळ्याला आवशीद चालू हाय नव्हं. सोलापूरच्या शिकल्याल्या बाईनं दिल्यालं. बाळाबाई लई जपती त्या बाटलीला, गळ्यात बांदून फिरती. सरू न्हाय म्हनून रोज येकच थेंब सोडती.”

वच्छलानं डोळा कसा आहे ते विचारलं.

“लाल न्हाय. थेंबानं लाली जाती की. पर उनात उगडत न्हाय पोर. म्हातारी म्हनत हुती, फूल पडतंय का काय बुबुळावर. तिला ते थेंब पटत न्हाईत. पर बाळाबाई ऐकंल व्हय? म्हनती, बाईनं सवताच्या लेकीला घातल्यालं दिलंय मला, वंगाळ कसं आसंल?”

वच्छलानं पिशवीतून चिठ्ठी काढली आणि ध्यानात आलं की ही वाचणार कोण? तिनं कागद उलटा केला, पेन्सिलीनं बाटली काढली, गळ्याला दोरा काढला आणि त्यावर मोठी फुली मारली. गोजरबाईनं कागद आडवातिडवा करून बघितला आणि ही फुली कसली, असं विचारलं. वच्छलानं सांगितलं, ती बाटली फेकून द्यायची, पोरीला सोलापूरला आणायचं, माझ्याकडे, सात रस्त्याला. गोजरबाई तिच्याकडे बघत राहिली. दिलेलं औषध फेका म्हणायला एवढ्या लांबून आलेली बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली असेल. भेटली तर सांगते, म्हणाली, आणि कागद कमरेच्या पिशवीत ठेवला.

त्याच दिवशी वच्छला येरमाळ्यापर्यंत गेली. विहीर सापडली. काठावर लेंड्यांचा थर होता आणि तीन काळे दगड, चुलीचे. राख थंड होती. एका माणसानं सांगितलं की वाडे गंगथडीकडे गेले, गोदावरीच्या काठानं. तिथून पुढे रस्ता नव्हता, नुसता माळ होता.

आषाढात धोंडीराम सांगोल्याकडे बिरप्पाच्या गावी जाऊन आला. पावसाच्या तोंडाला सगळे वाडे माघारी येतात. घराला कडी होती. यंदा ते आले नाहीत, गंगथडीलाच राहिले, चारा बरा हाय तितं, असं शेजाऱ्यानं सांगितलं. पोरीचं कुणाला काही माहीत नव्हतं. वच्छलानं तिथल्या मास्तरांच्या नावे तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं: वाडा आल्यास कळवतो.

यंदाच्या माघात आबांनी पुन्हा मेंढरं बसवली. वाडा दुसराच होता. वच्छला रोज संध्याकाळी त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसे आणि पोरींच्या डोळ्यांकडे बघे, इतकी की एका आईनं आपल्या मुलीला पदराआड घेतलं. कुंदाचा ढग पातळ झालाय. डाव्या डोळ्यानं सुई ओवता येणार नाही कदाचित, पण रस्ता ओलांडता येईल. मनगटातला काळा धागा तिला आता आवळतो. वच्छला तो कापायचा म्हणते आणि कात्री परत ठेवून देते. स्वतःचा ओठ उतला की ती पदर तोंडावर बांधून वावरते, मुलीला पाठीवरून थोपटते आणि मुका उधार ठेवते.

इथून पुढचं वच्छलाला माहीत नाही, म्हणून गोष्ट इथेच थांबते आणि तिचं तुमच्याकडे एक मागणं उरतं. तुमचं रान बार्शीकडे असेल, येरमाळ्याला असेल, गंगथडीच्या काठाला असेल, आणि त्यात मेंढरं बसली असतील, तर चुलीपर्यंत चालत जा. बिरप्पाचा वाडा का, विचारा. बाणू नावाची मुलगी आहे, आता सहा वर्षांची असेल, तिला जवळ बोलवा. आधी तिचा डावा डोळा तुमच्या तळव्यानं झाका आणि समोर बोटं धरून किती आहेत ते विचारा. तिच्या आईच्या गळ्यात निळ्या दोऱ्याची तपकिरी बाटली असेल, रिकामी असली तरी, तर ती मागून घ्या. बाळाबाईला रागावू नका. पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि एवढंच सांगा, की सोलापूरची ती बाई चुकली, तिनंच आम्हाला पाठवलंय. आणि बाणू किती बोटं म्हणाली, ते वच्छलाला कळवा.